एक्सक्लूड्स-१ ची नोंद एकाच बाजूला असेल तर कोड काढायचा की ठेवायचा?

कोडर_नांदेड

अमेरिकेच्या दवाखान्यांच्या विमा क्लेमवर आयसीडी-१०-सीएमचे (तिथल्या आजारांच्या यादीतले) कोड लावणाऱ्यांसाठी धागा काढतोय. आपल्याकडं नांदेड, लातूर, संभाजीनगरची बरीच मंडळी आता या कामात आहेत आणि बहुतेकांचं घोडं याच ठिकाणी अडायलंय.

चार्ट असा समजा. हाडांच्या डॉक्टरांकडची एक भेट. कंबरेची गादी सरकून नस दबलीय, कळ डाव्या पायात जातेय, म्हणून एम५१.१६. त्याच भेटीत मानेतून उजव्या हातात मुंग्या. डॉक्टरांनी 'सर्व्हायकल रॅडिक्युलोपॅथी' (मानेच्या नसेचं दुखणं) एवढंच लिहिलंय, कारण दिलेलं नाही, म्हणून एम५४.१२. मान आणि कंबर, दोन्हींचे एक्स-रे काढलेत.

एम५४.१ (रॅडिक्युलोपॅथी) खाली एक्सक्लूड्स-१, म्हणजे 'हे कोड एकत्र लावू नका' अशी नोंद आहे आणि त्यात एम५१.१- चं नाव आहे, त्यामुळं सॉफ्टवेअर क्लेम अडवतंय. पण एम५१ उघडून बघितलं तर तिथं एम५४.१ बद्दल अवाक्षर नाही. म्हणजे नियम एका बाजूनं आहे, दुसऱ्या बाजूनं नाही.

आता आय२० (अँजायना, हृदयामुळं छातीत येणारी कळ) आणि आय२५.१- (हृदयाच्या धमन्यांचा अडथळा) बघा. तिथंही नोंद फक्त आय२० च्या बाजूला. पण तिथं आपण काही न विचारता आय२० काढतो आणि दोन्ही आजार एकातच सांगणारा आय२५.११० किंवा आय२५.११९ लावतो. दोन्ही ठिकाणी नोंदीची ठेवण सारखी, मग वागणूक वेगळी का? टीमसाठी एकच लेखी नियम करायचा आहे. कसा करावा?

मोसंबी_जालना

नियम सोपाय दादा. एक्सक्लूड्स-१ म्हणजे 'इथं कोड करू नका'. दोन्ही एकत्र नाहीत म्हणजे नाहीत. एम५४.१२ काढा, क्लेम सोडा.

खामकाठ

मोसंबीदादा, थांबा. एम५४.१२ काढलात तर मानेच्या एक्स-रेला आधार काय उरला? एक्स-रेचे कोड दोन: ७२०४० मानेचा, ७२१०० कंबरेचा. दोन्ही ओळींना एकटा एम५१.१६ जोडला तर मानेची तपासणी कंबरेच्या आजारासाठी केली असं दिसणार, आणि ती ओळ वैद्यकीय गरज नाही म्हणून परत येणार. एडिट (सॉफ्टवेअरची अडवणूक) गप्प करायला जाऊन डिनायल (विमा कंपनीचा नकार) ओढवून घ्यायचं असं होईल. क्लेम फॉर्मवर १२ निदानांना जागा आहे आणि प्रत्येक ओळीला ४ पर्यंत पॉइंटर (ती तपासणी कुठल्या निदानासाठी, ते सांगणाऱ्या खुणा) लावता येतात. ७२०४० ला एम५४.१२ आणि ७२१०० ला एम५१.१६ असं सरळ जोडा.

आणि ऑडिटचं काय? डॉक्टरांनी तपासलेला, लिहिलेला, उपचार ठरवलेला आजार कोडरनं वगळला तर तीसुद्धा चूकच धरतात.

मांजरा_लातूर

मूळ व्याख्येपासून सुरुवात करू, नाहीतर नुसती मतं होतील.

आयसीडी-१०-सीएमच्या मार्गदर्शक सूचनांचा विभाग १.ए.१२.ए काढा. एक्सक्लूड्स-१ कधी, तर दोन आजार एकत्र असूच शकत नाहीत तेव्हा. जन्मजात प्रकार आणि नंतर झालेला प्रकार हे तिथलंच उदाहरण. त्याच परिच्छेदात पुढं अपवाद दिलाय: दोन आजारांचा एकमेकांशी संबंध नसेल तर दोन्ही कोड लावता येतात. अपवादाला उदाहरण आहे दात खाण्याचं. एफ४५.८ खाली जी४७.६३ एक्सक्लूड्स-१ मध्ये आहे, कारण दात खाणं एफ४५.८ मध्येही बसतं. दात खाण्यासाठी दोहोंपैकी एकच कोड. पण त्याच एफ४५.८ मध्ये मानसिक कारणानं होणारी पाळीची वेदनाही बसते. एखाद्या बाईला ती वेदना असेल आणि झोपेत दात खाण्याची सवयही असेल, तर दोन्ही कोड लावायचे. आणि संबंध आहे की नाही हे कळत नसेल तर डॉक्टरांना विचारा, असं तिथं स्पष्ट लिहिलंय.

या उदाहरणात खरी गोम आहे. नोंद लागते ती कोडमधल्या एका आजाराला. पण एका कोडच्या पोटात पाचसहा आजार असतात. सॉफ्टवेअरला कोड दिसतो, पोटातला आजार दिसत नाही.

नांदेडच्या चार्टला हेच लावा. एम५४.१ खालची नोंद म्हणते, गादीमुळं नस दबली असेल तर ती रॅडिक्युलोपॅथी इथं नको, एम५१.१- मध्ये न्या. ती कंबरेच्या नसेबद्दल बोलतेय. मानेच्या नसेबद्दल एम५१ कडं सांगण्यासारखं काहीच नाही. दोन्ही कोड राहतात.

मोसंबी_जालना

मांजराताई, टॅब्युलरमधली (कोडच्या मुख्य यादीतली) नोंद सूचनांच्या वर असते, हे तर सूचनांतच लिहिलंय. मग सूचनांतला अपवाद टॅब्युलरला कसा काय हरवणार?

मांजरा_लातूर

बरोबर शंका आहे. पण विभाग १.ए चं नावच 'कन्व्हेन्शन्स' (यादी वाचायचे संकेत) आहे. एक्सक्लूड्स-१ या शब्दांचा अर्थ काय, हे ठरतंच तिथं. अपवाद हा त्या अर्थाचा भाग आहे, बाहेरून लावलेलं ठिगळ नाही. टॅब्युलरमध्ये नुसतं 'एक्सक्लूड्स-१' असं नाव येतं, त्याची फोड १.ए.१२.ए मध्येच आहे.

मोसंबी_जालना

हे पटलं. माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो.

बालाघाट

एकतर्फी नोंदीबद्दल कुणी बोलेना, म्हणून लिहितो. माझ्या मते ती विसंगती नाहीच. दिशा हीच माहिती आहे.

'इथं कोड करू नका' असं ज्या कोडखाली लिहिलंय तो कोड जातो आणि नोंदीत कंसात दिलेला कोड राहतो. आय२० खाली आय२५.१- लिहिलंय, मग आय२० जाणार. एम५४.५ खाली एम५४.४- आणि एम५१.२- लिहिलंय, म्हणजे कंबरदुखीबरोबर सायटिका असेल तर एम५४.५ चा कोड जाणार. एस०६ खाली एस०९.९० आहे, म्हणजे कंसातला 'डोक्याला इजा, तपशील नाही' हा कोड एस०६ मध्ये घालायचा नाही. हे शेवटचं उदाहरण मुद्दाम दिलं, कारण तिथं कंसातला कोड ढोबळ आहे आणि नोंद असलेला नेमका. मेंदूला इजा झाल्याचं लिहिलेलं असेल तर एस०६ राहणार, एस०९.९० जाणार. म्हणजे 'कंसातला राहतो' हा ठोकताळा आहे, कायदा नाही. आधी बघायचं की चार्टमधलं वाक्य दोहोंपैकी कुठल्या कोडच्या वर्णनात जास्त नेमकं बसतंय.

दोन्ही बाजूंना नोंद असेल, जसं एफ४५.८ आणि जी४७.६३, तर दिशा काही सांगत नाही. तिथं डॉक्टरांचं वाक्यच ठरवणार.

कोडर_नांदेड

बालाघाट सर, हे फार कामाचं. पण जे४३ (एम्फिसीमा, फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांचा आजार) आणि जे४४ (सीओपीडी, श्वासमार्ग अडवणारा जुनाट आजार) यांचं काय? तिथं दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात.

बालाघाट

तिथं नोंदी वाचून गोल फिरायला होतं, खरंय. जे४३ म्हणतो, एम्फिसीमाबरोबर क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह ब्राँकायटिस असेल तर जे४४. जे४४ म्हणतो, क्रॉनिक ब्राँकायटिस नसलेला एम्फिसीमा असेल तर जे४३. डॉक्टर लिहितात 'सीओपीडी, एम्फिसीमा'. ब्राँकायटिसचा शब्दच नाही. हा प्रश्न 'कोडिंग क्लिनिक' या कोडिंगच्या अधिकृत सल्ला-पत्रिकेच्या २०१७ च्या चौथ्या तिमाहीच्या अंकात सुटला. एम्फिसीमा हा सीओपीडीचाच एक प्रकार, म्हणून एकटा जे४३.९. सीओपीडी बळावलेली असली तरी तेच.

सीओपीडी हा शब्द दिसला की हात आपोआप जे४४.१ (बळावलेली सीओपीडी) कडं जातो. तिथं सांभाळा.

तेरणाकाठ

+१. हा प्रतिसाद छापून डेस्कला चिकटवण्यासारखा आहे.

पूर्णा_परभणी

आय२० बद्दल एक भर. तिथं आपण 'न विचारता' काढतो त्याला कारण आहे. प्रकरण ९ ची सूचना सांगते की धमन्यांचा अडथळा आणि अँजायना दोन्ही असतील तर संबंध गृहीत धरा, जोवर डॉक्टर दुसरं कारण लिहीत नाहीत तोवर. म्हणजे दोन्हींचा मिळून एकच कोड लावायची परवानगी आधीच मिळालेली आहे. मणक्याच्या बाबतीत मानेची नस आणि कंबरेची गादी यांच्यात संबंध गृहीत धरा, असं कुणीही म्हटलेलं नाही.

आणि डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं असेल की छातीतली कळ रक्त फार कमी झाल्यामुळं आहे, धमनीच्या अडथळ्यामुळं नाही, तर हीच जोडी उलटी फिरते. मग आय२५.१० आणि आय२०.९ दोन्ही, सोबत ॲनिमियाचा कोड. कोडची जोडी तीच, वाक्य बदललं की उत्तर बदललं. म्हणून 'ही जोडी चालते, ती चालत नाही' अशी नुसती यादी करून टीमच्या हातात देऊ नका.

औंढेकर

काहून एवढं अवघड करून ठेवलंय हे!

एक खरी शंका. पक्षाघात, आय६३. त्या झटक्यात पेशंट पडला, डोक्याला मार लागून आत रक्तस्राव झाला, एस०६.५ किंवा एस०६.६ मधला. आय६०-आय६९ या सगळ्या गटाच्या माथ्यावर एस०६.- एक्सक्लूड्स-१ मध्ये आहे. इथं 'संबंध नाही' कसं म्हणायचं? पक्षाघातामुळंच तर पडला. संबंध आहेच की.

खामकाठ

माझ्या मते दोन्ही लावायचे. संबंध म्हणजे 'एकामुळं दुसरं घडलं' असा घेतला तर अपवादाला अर्थच राहत नाही, आजारातून आजार होतच असतो. संबंध आहे का, हे या नोंदीपुरतं असं वाचायचं: दोन्ही कोड एकाच दुखण्याला दोन नावं देतात का? गटाच्या माथ्यावरची नोंद सांगतेय की माराने झालेला रक्तस्राव आय६०, आय६१, आय६२ (मार नसताना झालेला रक्तस्राव) मध्ये टाकू नका. गुठळीनं झालेला आय६३ हे वेगळंच दुखणं आहे.

पूर्णा_परभणी

खामकाठ, इथं मी सहमत नाही. सूचनेत 'एकमेकांशी संबंध नसलेले' एवढंच आहे. 'एकाच दुखण्याची दोन नावं' ही आपली फोड झाली. तर्क चांगला आहे, पण पैसे देणारा तो मानेलच असं नाही. शिवाय मेंदूत रक्त दिसलं तर ते पडल्यामुळं आलं की गुठळीच्या जागीच झिरपलं, हे कोडरनं ठरवायचं नाही. डॉक्टरांनी 'ट्रॉमॅटिक' लिहिलंय का? पडण्याआधीचं आणि नंतरचं स्कॅन वेगळं आहे का? हे नोंदीत नसेल तर क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारणा.

बालाघाट

दोघांचं मिळून काम होतंय. क्वेरी करा, आणि उत्तर 'पडल्यामुळं' असं आलं तर दोन्ही लावा. पेशंट भरती झाल्यावर वॉर्डात पडला असेल तर पीओए खूण (भरती होताना आजार होता का, ते सांगणारी) फार मदत करते. आय६३ ला 'वाय', एस०६ ला 'एन'. दोन घटना दोन वेळी घडल्याचं क्लेमवरच दिसतं. पडण्याचा डब्ल्यू कोड विसरू नका.

घृष्णेश्वर

एडिटच्या बाजूनं लिहितो, कारण निम्मा गोंधळ तिथला आहे.

सीडीसी (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) दर वर्षी टॅब्युलर एक्सएमएल (यंत्राला वाचता येईल अशा) रूपात देतं. त्यात एक्सक्लूड्स-१ आणि एक्सक्लूड्स-२ (दोन्ही कोड लावायला मुभा देणारी नोंद) यांना वेगळे टॅग असतात आणि नोंद म्हणजे साधा मजकूर, शेवटी कंसात कोड. त्यावरून टेबल बनवताना चुका ठरलेल्या जागी होतात.

पहिली गोष्ट वारसा. नोंद एम५४.१ वर असेल तर ती एम५४.१० पासून एम५४.१८ पर्यंत सगळ्यांना लागते. गटाच्या माथ्यावर असेल तर सगळ्या गटाला. काही टेबलं फक्त त्याच ओळीला लावतात, मग एडिट लागायला पाहिजे तिथं लागत नाही. काही टेबलं उलटी, नोंद वर ओढून आख्ख्या एम५४ ला लावतात. मग साध्या मानदुखीच्या एम५४.२ लाही कंबरेच्या गादीमुळं अडवायलेत.

दुसरं, शेवटची आडवी रेघ. 'एम५१.१-' म्हणजे त्याखालचे सगळे पूर्ण कोड. रेघ गाळून 'एम५१.१' असं जुळवलं तर काहीच जुळत नाही, कारण क्लेमवर तो अपुरा कोड कधी येतच नाही. 'ओ१०-ओ११, ओ१३-ओ१६' असल्या कंसातला स्वल्पविराम नीट तोडला नाही तर मधला ओ१२ फुकटचा आत येतो.

तिसरं, कोड नसलेल्या नोंदी. पहिल्या प्रकरणाच्या माथ्यावर 'ठरावीक जागेचे संसर्ग, त्या त्या अवयवाचं प्रकरण बघा' असं आहे, कंस नाहीच. यंत्राला यातून काही काढता येत नाही. अशा नोंदींची वेगळी यादी काढून माणसानं वाचावी.

चौथं, तारीख. नवे कोड १ ऑक्टोबरला येतात, आता १ एप्रिललाही येतात. दर वर्षीच्या ॲडेंडात (बदलांच्या यादीत) काही एक्सक्लूड्स-१ च्या नोंदी एक्सक्लूड्स-२ होतात. ओपीडीला भेटीच्या तारखेची फाइल लागते, भरती पेशंटला डिस्चार्जच्या तारखेची. सप्टेंबरात भरती, ऑक्टोबरात सुट्टी, तर नवी फाइल. जुन्या क्लेमचं अपील करताना नव्या फाइलमधली नोंद दाखवली तर अपील तिथंच पडतं.

कोडर_नांदेड

घृष्णेश्वर दादा, मग टेबलात रकाने कोणते ठेवायचे?

घृष्णेश्वर

नोंद असलेला कोड, नोंद कुठल्या पातळीवरची (प्रकरण, गट, कोड), कंसातला मजकूर जसाच्या तसा, त्यातून उलगडलेले पूर्ण कोड, प्रकार १ की २, उलट बाजूला नोंद आहे का, लागू झाल्याची आणि संपल्याची तारीख. मजकूर जसाच्या तसा ठेवाच. कोडरला एडिट दिसेल तेव्हा 'जोडी चालत नाही' एवढंच दिसू नये, नोंदीचं मूळ वाक्य दिसावं. वाक्य समोर असलं की मानेचं आणि कंबरेचं हे माणसाला लगेच कळतं.

एक्सक्लूड्स-१ च्या एडिटनं क्लेम रोखावा, पण कोड आपोआप काढू नये. आणि एक्सक्लूड्स-२ चं एडिट ठेवूच नका, तिथं दोन्ही कोड लावायला मुभाच आहे.

रेकॉर्डरूम_अंबाजोगाई

जरा अवांतर. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात डब्ल्यूएचओची आयसीडी-१० चालते. तिच्यात १ आणि २ असा भेदच नाही, नुसतं एक्सक्लूड्स. मृत्यूच्या कारणाचा नमुना ४ कोड करताना हा अपवाद लावायचा का?

मांजरा_लातूर

अवांतर कसलं, हे तर आपल्या घरचं काम. डब्ल्यूएचओच्या एक्सक्लूड्सचा अर्थ 'याची जागा दुसरीकडं आहे' एवढाच. दोन कोड एकत्र नकोत असं ती नोंद म्हणत नाही.

कपाशीवर फवारताना ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकाची बाधा झाली, उलटी फुप्फुसात गेली, असं धरा. डब्ल्यूएचओमध्ये टी५१-टी६५ (विषबाधा) गटाच्या एक्सक्लूड्समध्ये जे६०-जे७० (बाहेरच्या घटकांमुळं झालेले श्वसनाचे आजार) आहे. म्हणजे फुप्फुसाची इजा टी६०.० मध्ये कोंबू नका, तिला जे६९.० द्या. दोन्ही लिहिता येतात. अमेरिकन आवृत्तीत त्याच गटाच्या माथ्यावर जे६०-जे७० 'जादा कोड वापरा' या ओळीत आहे. एकच जोडी, दोन पुस्तकांत दोन भाषा. म्हणून अमेरिकन क्लेमची सवय घेऊन नमुना ४ ला हात लावू नका, आणि उलटही नको.

मृत्यूचं मूळ कारण म्हणून मात्र टी६०.० जात नाही, बाह्य कारणाचा कोड जातो. फवारताना अपघातानं झालं तर एक्स४८, स्वतःहून घेतलं तर एक्स६८, हेतू ठरलेला नसेल तर वाय१८. हेतू कागदावर नसेल तर तो मनानं भरायचा नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं. त्या एका कोडवर घरच्या माणसांचं बरंच काही अवलंबून असतं.

रेकॉर्डरूम_अंबाजोगाई

धन्यवाद ताई. हे आमच्या विभागात वाचून दाखवते.

तेरणाकाठ

क्वेरी करा, क्वेरी करा म्हणतायत सगळे, पण ती लिहायची कशी हे कुणी सांगेना. चुकीची क्वेरी ऑडिटात अंगाशी येते.

पूर्णा_परभणी

उत्तर सुचवायचं नाही आणि पैशाचा उल्लेख करायचा नाही, हे दोन पाळा. मूळ धाग्यातल्या चार्टसाठी मसुदा असा होईल:

'या तारखेच्या नोंदीत उजव्या हातात मुंग्या आणि सर्व्हायकल रॅडिक्युलोपॅथी असं निदान आहे. मानेच्या एक्स-रेचा अहवाल जोडला आहे. आपल्या मते हाताच्या लक्षणांचं कारण काय? मानेच्या गादीचा विकार / मानेचा स्पाँडिलोसिस / इतर (कृपया लिहावे) / सांगता येत नाही.'

'इतर' आणि 'सांगता येत नाही' हे दोन पर्याय गाळू नका. उत्तर गादी आलं तर एम५४.१२ जातो आणि एम५०.१- येतो. तिथं पातळी लिहून घ्या, सी५-सी६ (मानेचा पाचवा-सहावा मणका) असेल तर एम५०.१२२. स्पाँडिलोसिस आलं तर एम४७.२२. या दोन्ही उत्तरांत एम५४.१२ राहतच नाही, मग एम५१.१६ बरोबरचं भांडणही मिटतं.

खामकाठ

हे भारी सांगितलंत. एडिट अडवतं कंबरेच्या कोडमुळं, आणि दुरुस्ती निघते मानेच्या नोंदीत.

कोडर_नांदेड

सगळं वाचून टीमसाठी मसुदा केलाय. चुकत असेल तर सांगा.

एडिट लागलं की भेटीच्या तारखेच्या फाइलमधून नोंदीचं मूळ वाक्य काढायचं. ते कुठल्या दुखण्याबद्दल बोलतंय ते बघायचं, आणि चार्टमध्ये तेच दुखणं, तीच जागा आहे का ते ताडायचं. एकच असेल तर नेमका कोड ठेवायचा, दुसरा काढायचा. वेगळं असल्याचं डॉक्टरांनी लिहिलं असेल तर दोन्ही ठेवायचे आणि क्लेमच्या टिपणात एक ओळ: 'मानेची रॅडिक्युलोपॅथी कंबरेच्या गादीशी संबंधित नाही, विभाग १.ए.१२.ए, नोंदीचं पान अमुक.' कळत नसेल तर क्वेरी, तोवर क्लेम रोखायचा. नोंद एका बाजूला आहे की दोन्ही, हे कोडरनं बघायचं ते फक्त कुठला कोड ठेवायचा याचा अंदाज घेण्यापुरतं.

बालाघाट

चांगलाय. एकच भर घाला. वेगळं दुखणं असूनही डिनायल आलं तर अपिलात हीच ओळ, सूचनांचं ते पान आणि डॉक्टरांची नोंद, तिन्ही जोडायचं. आणि एखादी जोडी वारंवार अडायली असेल तर नोंद बदलण्याचा प्रस्ताव एनसीएचएसकडं (सीडीसीमधल्या आरोग्य आकडेवारी केंद्राकडं) पाठवता येतो. त्यांची समिती मार्च आणि सप्टेंबरात बसते. प्रस्ताव कुणीही देऊ शकतो, नांदेडहूनसुद्धा.

कोडर_नांदेड

पाठवायचाच. मांजराताई, इंग्रजी मसुदा तपासून द्याल का? एम५४.१ पासूनच सुरू करतो: एक्सक्लूड्स-१ च्या जागी एक्सक्लूड्स-२ मागायचं, की 'त्याच भागातल्या गादीमुळं' एवढे शब्द वाढवून मागायचे?

मांजरा_लातूर

देते की. शब्द वाढवून मागा. एक्सक्लूड्स-२ केलं तर एकाच नसेला दोन कोड लावायची वाट मोकळी होईल, आणि ते या नोंदीला टाळायचंच आहे.